दिवसाला ७३८ रुपये

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिचं खराडीला इंटिरियरचं काम आहे, पार्टनरशिपमध्ये. म्हणाली, अगं पार्टनरशी हिशोबाचं बोलायचंय, चार महिने झाले, रोज सकाळी ठरवते आणि संध्याकाळपर्यंत राहून जातं. मी तिला फोनवर काहीतरी सांगितलं पण ते धड नव्हतं, फोन ठेवल्यावर वाटलं की माझ्या बाबतीत जे झालं तेच तिला आधी सांगायला हवं होतं. म्हणून इथे लिहितेय, जरा लांब होईल.

आमचं भोसरी एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या बॉक्सचं युनिट आहे. बाबांनी १९९४ मध्ये सुरू केलं, २०१६ पासून मी बघते. एकूण चौदा माणसं. वापीहून क्राफ्ट पेपरचे (बॉक्सच्या जाड तपकिरी कागदाचे) रोल येतात, आमच्याकडे नळी पडते, म्हणजे आतला नागमोडी थर, मग पेस्टिंग, स्लॉटिंग, स्टिचिंग आणि बॉक्स गाडीत. बहुतेक माल चाकणच्या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांना जातो.

तर गोष्ट डिसेंबर २०२० ते जुलै २०२१ मधली. पॅकेजिंगवाल्यांना हा काळ वेगळा सांगायला नको. चीनने १ जानेवारी २०२१ पासून बाहेरची रद्दी घेणं पूर्ण बंद केलं, मग त्यांच्या मिल्सना लागणारा माल पल्पच्या आणि क्राफ्टच्या रोलच्या रूपात आपल्याकडून तिकडे जायला लागला, त्यात कंटेनरची भाडी भडकलेली, बाहेरून येणारी रद्दी महाग, आणि लॉकडाऊनमुळे आपल्याकडची रद्दीही नीट गोळा होत नव्हती. मिलचा रेट पंधरा दिवसांनी बदलायचा, कधी आठवड्यानी. जानेवारी उजाडेपर्यंतच मला कागद किलोमागे ८ रुपयांनी महाग पडायला लागला होता.

आता आमचा सगळ्यात चालणारा बॉक्स घ्या. ४०० बाय ३०० बाय २५० मिलीमीटर, फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांचा. शीट पडते १४५० बाय ५७०. वरचा कागद १५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), बाकी चारही थर १२०, त्यातले दोन नळीचे, वळणांमुळे त्यांना कागद जास्त लागतो म्हणून त्यांना १.४ ने गुणायचं. हे सगळं करून एका बॉक्सला साधारण ६०० ग्रॅम कागद लागतो, वेस्टेज सोडून. म्हणजे किलोला ८ रुपये वाढले की बॉक्समागे ४ रुपये ८० पैसे गेले. एका कंपनीला महिन्याला ४००० बॉक्स जायचे. महिन्याचे झाले १९,२०० आणि कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला ७३८ रुपये.

हा हिशोब काही अवघड नाहीये, मला झोपेतसुद्धा येतो. पण तो मी केला जुलैमध्ये. जानेवारी ते जुलै, सात महिने, मी त्या कंपनीच्या परचेस मॅनेजरला रेट वाढवून मागणारा एक फोन केला नाही.

आणि बाहेरून बघणाऱ्याला कधीच वाटलं नसतं की मी काही टाळतेय. त्या सात महिन्यांत मी रद्दीवाल्याशी भांडून किलोला पन्नास पैसे वाढवून घेतले. गमचा वापर मोजायला लावला. स्टिचिंगची तार बदलून बघितली. टॅलीतली, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली, तीन वर्षांपासून पडलेली खाती नीट लावली. रात्री आठ-आठ वाजेपर्यंत ऑफिसात बसायचे आणि घरी जाताना अंग मोडून गेलेलं असायचं, त्यामुळे आपण कामच करतोय असं मला खरोखर वाटत होतं. सकाळी गाडी नाशिक फाट्याच्या पुलावर आली की ठरवायचं, आज अकराला फोन लावायचा. अकराला मशीन बंद पडायचं किंवा गाडी यायची किंवा कोणीतरी पगाराची उचल मागायला यायचं, आणि खरं सांगते, असं काही आलं की मला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, आज देते.

कारणं तर चांगली होती माझ्याकडे. मार्चपर्यंत कारण होतं की कागद उतरेल, थोडं थांबू. एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली, पुण्यात तेव्हा बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी माणसं रात्रभर फोन करत होती, अशात रेट काय मागायचा. हे कारण खरंही होतं. पण जूनमध्ये सगळं सुरू झालं तरी फोन झाला नाही, तेव्हा कारण होतं की आत्ताच सुरू झालंय, लगेच कुठे मागायचं.

मग जुलैच्या ६ तारखेला पगाराला पैसे काढायला गेले तर बँकेच्या ओव्हरड्राफ्टची लिमिट फुल. एक जुनी एफडी होती, मुलीच्या नावाने ठेवलेली, ती मोडून पगार केला. त्या रात्री वही घेऊन बसले आणि वरचा हिशोब मांडला. ७३८ गुणिले २६ गुणिले ७. एक लाख चौतीस हजार चारशेच्या आसपास. कंपनीने मला फसवलं नव्हतं, मिलने फसवलं नव्हतं. तो आकडा पूर्णपणे माझ्या एका न केलेल्या फोनचा होता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन केला. हाताला घाम आला होता, रिसीव्हर ओला झाला एवढं आठवतंय. चार मिनिटं बोलणं झालं. ते म्हणाले, "मॅडम, मला वाटत होतं तुमच्याकडे जुन्या रेटचा स्टॉक असेल म्हणून तुम्ही काही बोलत नाही. बाकीच्यांनी जानेवारीतच लेटर दिलीयेत. मेल टाका आज, सोबत मिलच्या बिलांची कॉपी लावा." मी मागितले ४.८०, मिळाले ३.९०, ऑगस्टच्या पीओपासून, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरपासून. मागच्या सात महिन्यांचं विचारून बघितलं, ते म्हणाले मॅडम पीओ अमेंड होतो त्या तारखेपासूनच, मागचं नाही देता येत. बरोबरच होतं त्यांचं.

त्यानंतर बरेच दिवस मी या एकाच गोष्टीवर विचार करत होते, की मला नक्की कशाची भीती होती? ऑर्डर जाईल याची? गेली असती तरी चाललं असतं, ती ऑर्डर मला रोज तोट्यात घालत होती. मग कशाची? तर समोरचा माणूस एक क्षण गप्प बसेल, किंवा "काय मॅडम तुम्ही पण" असं म्हणेल, त्या एका क्षणाची. बस. त्या क्षणापासून लांब राहायला मी एक लाख चौतीस हजार दिले.

नंतर याबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातले टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरवा या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं होतं, की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मनाच्या अवस्थेचा जास्त आहे. कामाचा विचार आला की जे वाईट वाटतं ते आत्ताच्या आत्ता घालवायला आपण दुसरं काहीतरी हातात घेतो, आणि ताबडतोब बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच करतो. मला एकदम ते मशीन बंद पडल्यावरचं हायसं वाटणं आठवलं. म्हणजे मी डायऱ्या आणत होते, अॅप टाकत होते, पहाटे पाचला उठून बघितलं, त्या सगळ्याचा इथे उपयोगच नव्हता. माझ्याकडे वेळ भरपूर होता. चार मिनिटं कोणाकडे नसतात?

दुसरी एक गोष्ट तिथेच वाचली ती मात्र जशीच्या तशी कामी आली. पीटर गोलवित्झर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की "मी हे करेन" एवढं ठरवून फार होत नाही, कधी, कुठे आणि काय झालं की करायचं हे आधी बांधून ठेवलं तर होण्याची शक्यता बरीच वाढते.

आता भोसरीत ज्यांचा धंदा आहे त्यांना माहितीये, आपला गुरुवार म्हणजे सुट्टीचा दिवस, महावितरण मेंटेनन्सला लाईट घालवते, मशीनं बंद. मी तशीही गुरुवारी तासभर येते, बँकेचं वगैरे बघायला. शेडमध्ये एरवी एवढा आवाज असतो की फोनवर ओरडून बोलावं लागतं आणि गुरुवारी तिथे कबुतरांचे पंख ऐकू येतात. तर मी ठरवलं, लाईट गेली की वही उघडायची आणि साडेअकराला पहिला फोन. ज्यांना फोन करायचा त्या कंपन्यांची सुट्टी वेगळ्या दिवशी असते त्यामुळे समोरचा माणूस जागेवर मिळतो. मशीन बंद पडेल हे कारण गुरुवारी देताच येत नाही.

वही साधी आहे, दोनशे पानी. एका गोष्टीला एक पान. वर लिहायचं काय टाळलंय. खाली कधीपासून, तारीख घालून. मग दिवसाला किती रुपये जातायत, आणि रुपयात सांगता येत नसेल तर कोणाला त्रास होतोय त्याचं नाव. आणि शेवटी, हे सगळ्यात महत्त्वाचं, फोनवर किंवा समोर बसल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं ते, अगदी शब्द न् शब्द. "सर नमस्कार, रेटबद्दल बोलायचंय, दोन मिनिटं आहेत का?" माझा अनुभव असा की पहिलं वाक्य कागदावर नसलं की मन त्या बोलण्याच्या शंभर आवृत्त्या तयार करतं, त्यातल्या नव्वद भांडणाच्या, आणि आपण त्यातच दमून जातो. वाक्य लिहिलेलं असलं की फक्त वाचायचं असतं. दुसरं वाक्य समोरच्याच्या बोलण्यातून येतंच.

उधारीचं थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येक छोट्या धंद्यात आहे. एका जुन्या पार्टीकडे आमचे २ लाख ८६ हजार अडकले होते, बाबांच्या ओळखीतले म्हणून मागायला संकोच. सीएने विचारलं, सगळ्यात जुन्या बिलाची तारीख काय? बघितलं तर दोन बिलं तीन वर्षांच्या पुढे गेलेली. पैसे कोर्टात मागायची मुदत साधारण तीन वर्षं असते, त्या मुदतीच्या आत समोरच्याने सही करून बाकी मान्य केली तर ती पुन्हा नव्याने सुरू होते, आणि मी साध्या बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे एवढी बाकी आहे असं लिहिलेल्या कागदावर, सही घ्यायचं टाळलं होतं. ६४ हजार तिथे गेल्यातच जमा. बाकीच्या बिलांवर त्याच गुरुवारी सही घेतली. दरम्यान कायदा आपल्या बाजूने आहे हेही नीट वाचलं. छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे की करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, लेखी करार नसला तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही महिन्याच्या हिशोबाने. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार घालता येते. पण उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, माल देण्याच्या आधीचं असलेलं बरं, ज्यांनी अजून केलं नसेल त्यांनी हे पान वाचून झालं की करा, फुकट आहे. आणि २०२३-२४ पासून आयकरातही आलं की आपल्यासारख्या मायक्रो आणि स्मॉल युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. मार्च २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा काही पार्ट्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करून "मॅडम उद्यमचं सर्टिफिकेट पाठवा, पेमेंट सोडायचंय" म्हणत होते.

पैशाचं सोपं आहे, आकडा काढता येतो. मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते पुढचं आहे.

आमच्याकडे स्लॉटिंगच्या मशीनवर एक काका आहेत, बाबांनी युनिट सुरू केलं तेव्हापासूनचे. मी शाळेत असताना सुट्टीत शेडमध्ये यायचे तेव्हा ते मला पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं घर करून द्यायचे. स्लॉटिंग म्हणजे शीटला खाचा पाडणं, त्यातून बॉक्सचे फ्लॅप होतात. खाच पाच मिलीमीटर इकडेतिकडे झाली की वरचे फ्लॅप एकमेकांना भिडत नाहीत आणि बॉक्स परत येतो. २०२२ च्या दिवाळीनंतर काकांचा माल परत यायला लागला. आधी आठवड्यात एक गठ्ठा, मग तीन, मग एकदा अख्खी गाडी. वय ६१. डोळ्यांचं काहीतरी आहे हे मला कळत होतं, सगळ्या शेडला कळत होतं, कोणी बोलत नव्हतं. मी रिजेक्शन नाइट शिफ्टच्या नावावर टाकत होते. एका पोराला न सांगता त्यांच्या मागे उभं केलं होतं, शीट तपासायला.

चौदा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि इथे माझी समजूत अशी होती की मी त्यांचा मान ठेवतेय. रेटच्या वेळी निदान आपण घाबरतोय हे कुठेतरी माहीत होतं, इथे तर मला मी चांगली वाटत होते.

मग जानेवारीतल्या एका सकाळी मशीनच्या बाजूने ओरडण्याचा आवाज आला. मी धावत गेले तेव्हा काका मागे सरकून उभे होते, उजवा हात डाव्या हातात धरलेला, आणि त्यांचा हातमोजा रोलमधून जाऊन दुसऱ्या बाजूला पडला होता, पापडासारखा चपटा. बोटं वाचली. मोजा सैल होता म्हणून वाचली. त्यांना शीटची कड नीट दिसली नव्हती.

तो मोजा मी उचलून टेबलच्या खणात ठेवला, आजही आहे. माझ्या वहीत काकांचं पान होतं, त्यावर "दिवसाला किती" च्या पुढे मी काही लिहिलंच नव्हतं.

त्या गुरुवारी त्यांच्या घरी दिघीला गेले. काकूंनी पोहे केले. पहिलं वाक्य लिहून नेलं होतं, "काका, तुम्हाला मशीनवरून काढून कागद तपासायला घ्यायचंय, पगार तोच राहील." ते वाक्य मी बोलले. काका खाली बघत होते बराच वेळ. मग म्हणाले, "ताई, मोतीबिंदू आहे. दीड वर्षापूर्वीच डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले होते. पण सुट्टी मागितली असती तर तुम्हाला कळलं असतं, मग मशीन गेलं असतं, मशीन गेलं की माणूस जातो. तुम्ही काही बोलत नव्हता, मागे पोरगा उभा केलात तेव्हा मला वाटलं त्याला शिकवायचं आणि मला घरी बसवायचं ठरलंय. रोज वाटायचं आज सांगतील."

मी बोलायचं टाळत होते म्हणून ते ऑपरेशन टाळत होते. चौदा महिने एका शेडमध्ये वीस फुटांवर आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होतो. महिन्याभरात दोन्ही डोळे झाले, एकेक करून. आता ते मिलचा रोल आला की कोपरा फाडून जीएसएम आणि बर्स्टिंग (कागद किती दाबाला फाटतो ते) तपासतात, वजनकाट्यावर टाकायच्या आधी नुसतं बोटांत चोळून १२० आहे की ११० हे सांगतात आणि चुकत नाहीत. मिलवाल्याचा माणूस त्यांना टरकून असतो.

मैत्रिणीला मला हेच सांगायचं होतं. पार्टनरला आत्ता काही माहीत नाही असं ती धरून चाललीये. तसं नसतं गं. त्याने तुझा चेहरा बघितलाय, तू हिशोबाच्या विषयावर फोन लवकर ठेवतेस हे त्याच्या लक्षात आलंय, आणि तो त्याच्या मनाने काहीतरी अर्थ लावून बसलाय, जो बहुतेक खऱ्यापेक्षा वाईट आहे.

हां, एक मात्र आहे, प्रत्येक थांबणं म्हणजे टाळणं नव्हे. मागच्या वर्षी नवीन सेमी ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं होतं तेव्हा मी पाच महिने थांबले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. कारण मला माहीत होतं मी कशासाठी थांबलेय, चाकणच्या एका ऑर्डरचं पक्कं कळायचं होतं, आणि ३० सप्टेंबरपर्यंत नाही कळलं तर घ्यायचं नाही हेही लिहून ठेवलं होतं. ऑर्डर आली नाही, मशीन घेतलं नाही, विषय संपला. थांबताना तारीख असते. कशाची वाट बघतोय असं कोणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येतं. मी रेटच्या वेळी "बघू, कागद उतरेल" म्हणत होते, कधीपर्यंत आणि किती उतरला तर, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वहीत सध्या एक पान उघडं आहे, सहा महिन्यांपासून. बाबांचं पहिलं सिंगल फेसर, म्हणजे नळी पाडायचं मशीन, १९९४ चं, आईच्या बांगड्या गहाण ठेवून घेतलेलं. नळी आता सारखी पडत नाही, हीटरला वीज खातं, अर्धी शेड अडवून बसलंय. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. बाबा महिन्यातून एकदा येतात तेव्हा आधी त्या मशीनपाशी जातात, हात फिरवतात, मग ऑफिसात येतात. पानावर दिवसाचा आकडाही लिहिलाय, विजेचा आणि जागेचा मिळून, आणि खाली पहिलं वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलंय.

आज सकाळी त्यांना फोन करून म्हटलं, बाबा, गुरुवारी साडेअकराला सहकारनगरला येते, मशीनबद्दल बोलायचंय. थोडं थांबून म्हणाले, साडेअकरा कशाला, दहाला ये, चहा ठेवतो. आणि येताना त्याची ती पितळी नंबर प्लेट काढून आण, स्क्रू गंजलेत, जरा तेल सोडून मग फिरव.